काचेची कोळंबी

कोळंबी मासा आहे की नाही, यावर आमच्या आलिमांमध्ये कित्येक शतकं वाद चालू आहे. हनफी फिकहप्रमाणे समुद्रातून निघणाऱ्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. मग कोळंबी मासा असेल तर ताटात, नसेल तर ताटाबाहेर. मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे मला विचाराल तर ती मासा नाहीच. कणा नाही, चालायला दहा पाय, अंगावर कवच. ती खेकड्याच्या भावकीतली. पण फिकहमधला प्रश्न कण्याचा नव्हताच. प्रश्न होता, अरबी बोलणारी माणसं तिला मासा म्हणत होती का? चौदाव्या शतकात इजिप्तच्या दमीरी नावाच्या आलिमनं प्राण्यांवर 'हयातुल हयवान' नावाचा जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात कोळंबीची नोंद अगदी लहान मासा अशी केली. कोळंबी खाणारे हनफी आजही त्याचा दाखला देतात. गंमत अशी की दमीरी स्वतः शाफई होता, त्याला या परवानगीची गरजच नव्हती. कोकणातले आम्हीही शाफईच. समुद्राचं सगळं आम्हाला चालतं, त्यामुळे हा वाद आम्ही जवळ्याची चटणी भाकरीला लावत लावत ऐकतो.

आज ज्या कोळंबीबद्दल लिहायचंय ती मात्र कोणीच खात नाही. एक तर ती बोटाच्या पेराएवढी, फार तर थोडी मोठी. आणि दुसरं म्हणजे ती दिसत नाही.

मला ती दिसली लक्षद्वीपच्या आगत्ती बेटावर. मी निवृत्त झालो त्या वर्षी बायकोला घेऊन गेलो होतो. परवाना काढायचा, कोचीहून छोट्या विमानानं जायचं आणि समुद्राच्या मधोमध सात-एक किलोमीटर लांबीच्या चिंचोळ्या पट्टीवर उतरायचं. बेटावर जवळपास सगळी वस्ती मुसलमानांची, बोली मल्याळमच्या वळणाची. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. पण फजरच्या नमाजेत कुनूत ऐकला, मोठ्यानं म्हटलेलं आमीन ऐकलं आणि आपल्याच गावच्या मशिदीत उभं असल्यासारखं वाटलं. तेही शाफई.

ओहोटीच्या वेळी लगूनचं पाणी छातीएवढं होतं. आमच्या नावाड्यानं मला स्नॉर्कलचा मास्क लावायला दिला आणि खाली एका मोठ्या समुद्रफुलाकडे बोट केलं. समुद्रफूल म्हणजे सी अ‍ॅनिमोन. नाव फुलाचं असलं तरी तो प्राणी आहे, जेलीफिशचा नातेवाईक, खडकाला बूड चिकटवून बसलेला. हे समुद्रफूल परातीएवढं होतं, आखूड स्पर्शकांनी गच्च भरलेलं, एखादा गालिचा पाण्यात हलावा तसं. क्लाउनफिश असेल म्हणून मी शोधत होतो. नावाडी पुन्हा पुन्हा एकाच जागी बोट दाखवत होता. तिथे मला काही पांढरे ठिपके तरंगताना दिसले, एवढंच. वाळूचे कण असावेत. मग त्यातले दोन ठिपके सरळ रेषेत, ठरावीक अंतर राखून पुढे सरकले आणि त्यांच्या मागे नारिंगी ठिपक्यांचा छोटा पंखा उघडला. ठिपके आणि ठिपक्यांमधली मोकळी जागा मिळून एक प्राणी होता. ती मोकळी जागा म्हणजेच त्याचं अंग.

शास्त्रीय नाव अँसिलोकॅरिस ब्रेव्हिकार्पॅलिस, म्हणजे आखूड मनगटाची. हिंदी महासागर आणि पश्चिम प्रशांत महासागरात आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पुढे दूरवर सापडते. अंगावर पांढरे डाग, शेपटीच्या पंख्यावर काळ्या कडेचे नारिंगी ठिपके, बाकी सगळी काच. मादी मोठी, नर तिच्यापुढे किरकोळ, आणि बऱ्याचदा एका समुद्रफुलावर अशी एक जोडी राहते. त्या दिवशी नर मला दिसला नाही. असेलही.

समुद्रफुलाच्या प्रत्येक स्पर्शकावर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीत गुंडाळून ठेवलेला एक विषारी धागा. नुसता धक्का लागला की तो भाल्यासारखा सुटतो. लहान मासा चुकून टेकला की जागच्या जागी लुळा पडतो आणि हळूहळू मधल्या तोंडाकडे ढकलला जातो. आणि ही कोळंबी त्याच भाल्यांच्या रानात घर करून राहते. तिच्या मागे येणारा मासा या रानात शिरत नाही.

मला पहिल्यापासून कुतूहल होतं ते काचेचं. जिवंत अंग पारदर्शक असतं म्हणजे नेमकं काय? आपल्या स्वयंपाकघरात याची अर्धी ओळख प्रत्येकाला आहे. ताजी सोललेली कोळंबी थोडी काचेसारखी दिसते. तव्यावर पडली की पांढरी होते. पदार्थ तोच, आतली मांडणी बदलली. उजेड एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना वळतो, विखुरतो. जितक्या वेळा वळेल तितकी वस्तू धूसर. काचेची कांडी पाण्यात दिसते, पण योग्य तेलात बुडवली तर गायब होते, कारण तेलात आणि काचेत उजेड सारखाच वळतो. या कोळंबीचं अंग तसं आहे. आतले स्नायू एकसारखे, घट्ट लागून, त्यांच्यामध्ये उजेडाला अडखळायला फट नाही. रंग काढून टाकणं एवढंच ते काम नाही. आतल्या प्रत्येक थराला शेजारच्या थरासारखं व्हावं लागतं.

पण काही अवयव काचेचे होऊच शकत नाहीत. डोळा पारदर्शक झाला तर उजेड आरपार निघून जाईल, डोळा आंधळा होईल. त्याला काळा पडदा लागतोच. आणि जठर. कोळंबी साफ करताना आपण पाठीतून जो काळा दोरा ओढून काढतो, ती तिची आतडी. काचेच्या कोळंबीनं काय खाल्लंय ते बाहेरून दिसतं. जगभरातल्या पारदर्शक प्राण्यांची हीच पंचाईत आहे. सगळं लपतं, बघणं आणि खाणं लपत नाही.

आमच्या मुलाचं नाव समीर. १९९३ चा जन्म. ते साल मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अरबीत समीर म्हणजे रात्री गप्पांना सोबत करणारा. संस्कृतात समीर म्हणजे वारा. माझ्या अब्बांनी दोन्ही अर्थ एका कागदावर लिहून मला दाखवले होते आणि दुसऱ्या अर्थाखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. आडनाव आमचं गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, कोकणातल्या खूप मुसलमानांचं असतं तसं. म्हणजे पुढूनही काच, मागूनही काच. पण महाराष्ट्रात मधे वडिलांचं नाव लिहायची पद्धत आहे. शाळेचा दाखला असो, भाड्याच्या घराचा करार असो, नोकरीचा अर्ज असो, समीर आणि 'कर' यांच्या मधोमध मी बसलेलो असतो. इब्राहिम.

शहरात घर शोधताना फोनवर सगळं ठरायचं आणि आधार कार्डाचा फोटो पाठवला की खोली अचानक 'गेलेली' असायची, असं त्यानं चार वेळा अनुभवलं. पाचव्या ठिकाणी एका आजींनी घर दिलं. त्यांनी कार्ड वाचलं की नाही मला ठाऊक नाही. त्या त्याला ईदला चमचाभर साखर जास्त घालून खीर द्यायच्या, म्हणजे वाचलं असावं.

समुद्रफुलात राहणाऱ्या कोळंबीला विष बाधत नाही, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. पाठ्यपुस्तकी वाक्य म्हणून ते बरोबरच आहे. पण अर्ध आहे. अटलांटिकच्या बाजूला राहणाऱ्या हिच्याच नात्यातल्या दोन जातींवर लेव्हिन आणि ब्लँचर्ड यांचा एक अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. कोळंब्यांना समुद्रफुलापासून काही काळ वेगळं ठेवलं की त्यांचं संरक्षण जातं. परत सोडल्यावर स्पर्शक त्यांनाही चिकटतात. मग कोळंबी एक पाय टेकवते, मागे घेते, पुन्हा टेकवते. मिशा लावते, मागे सरते. असं बराच वेळ करत करत ती पुन्हा आत जाण्याइतकी सरावते. जन्मानं मिळालेलं म्हणून ते कायमचं राहत नाही. घर सोडून गेलात तर परतल्यावर सुरुवात पायाच्या टोकापासून.

अटलांटिकच्याच कॅरिबियन भागात तिची आणखी एक प्रसिद्ध बहीण आहे, पेडरसनची कोळंबी. अंग काचेचं, त्यावर जांभळे-निळे पट्टे, आणि शरीरापेक्षा लांब पांढऱ्या मिशा. ती माशांच्या अंगावरचे परजीवी वेचून खाते. कॉनराड लिंबॉ या अमेरिकन पाणबुड्या शास्त्रज्ञानं समुद्रातल्या अशा साफसफाईकडे जगाचं लक्ष वेधलं. १९६० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या गुहेत त्याचा मृत्यू झाला. त्याचा गाजलेला लेख छापून आला तो पुढच्या वर्षी. या कोळंबीसमोर पाणबुड्यानं हात धरला तर ती हातावर चढून नखं कोरायला लागते. तिला माणूस काय आणि मासा काय.

मला नवल वाटतं ते तिच्या दुहेरी वागण्याचं. शिकारी माशापासून लपायचं म्हणून अंग काचेचं. गिऱ्हाईक यावं म्हणून मिशा मात्र चाबकासारख्या फिरवायच्या. २०१८ मध्ये एलेनर केव्हज आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मासाही उत्तर देतो. साफसफाई हवी असलेला मासा येऊन थांबतो आणि अंगाचा रंग गडद करतो. कोळंबीची नजर अधू, तिला माशाचे रंग आणि नक्षी काही कळत नाही. पण समोर काहीतरी काळवंडलं एवढं कळतं आणि ती निघते. म्हणजे एकीला ओळखू यायला मिशा हलवाव्या लागतात, दुसऱ्याला काळं पडावं लागतं. तोवर दोघांत व्यवहार नाही.

याच कोळंबीवर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लॉरा बॅगे आणि सोन्के यॉन्सन यांनी केलेलं काम २०१७ मध्ये छापलं गेलं, आणि ते वाचल्यापासून हा लेख माझ्या डोक्यात आहे. धोका आला की कोळंबी शेपटीचा झटका मारून मागे उडी घेते. त्यांनी कोळंब्यांना असे झटके पुन्हा पुन्हा मारायला लावले. कोळंब्या दमल्या आणि दमल्यावर त्यांचं अंग पांढुरकं, धूसर झालं. सूक्ष्मदर्शकाखाली कारण सापडलं. श्रमाच्या वेळी स्नायूंना जास्त रक्त लागतं. ते रक्त लाल नसतं, तरीही स्नायूंच्या तंतूंमध्ये शिरल्यावर उजेडाला तिथे फट मिळते. स्नायू आणि रक्त यांत उजेड सारखा वळत नाही. हजारो तंतू, हजारो फटी, काच गेली. पाण्यातलं मीठ फार कमी केलं किंवा फार वाढवलं तरी तेच. इजा झाली तरी तेच.

म्हणजे ती शांत असते तेव्हाच काचेची असते. ज्या क्षणी जीव वाचवायला पळावं लागतं, नेमकी त्या क्षणापासून ती दिसायला लागते.

पाच वर्षांपूर्वी समीरची मोटारसायकल पावसात घसरली. आम्ही दोघं रात्री एका इस्पितळाच्या अपघात विभागात बसलो होतो. माझी बायको परभणीची, पण पस्तीस वर्षं कोकणात काढलेली. बाजारात, बँकेत, लोकांशी इतकं स्वच्छ मराठी बोलते की समोरचा 'तुम्ही वाटत नाही हो' म्हणतोच. हे वाक्य लोक कौतुक म्हणून देतात आणि आपणही ते तसंच घ्यायचं असतं. त्या रात्री ती परिचारिकेशी त्याच मराठीत बोलत होती: रक्तगट, ॲलर्जी, शेवटचं जेवण कधी. मग आतून समीरचा ओरडण्याचा आवाज आला. पाय सरळ करत असावेत. आणि हिच्या तोंडून मोठ्यानं 'या अल्लाह' निघालं, मग एकापाठोपाठ एक दुआ. अख्ख्या बाकड्यांवरच्या माना वळल्या. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. समोरच्या म्हाताऱ्यानं स्वतःची पाण्याची बाटली झाकण उघडून पुढे केली. दोन्ही एकाच मिनिटात झालं; त्यातलं एकच सांगायचं असं मला कधी जमलेलं नाही. पाय बरा झाला. थोडा लंगडतो, थंडीत जास्त.

आता थोडं सहजीवनाबद्दल, कारण हा शब्द माझ्या मागेच लागलेला आहे. आमच्या तालुक्यात दरवर्षी सद्भावनेचा एक कार्यक्रम होतो आणि विज्ञानाचा शिक्षक म्हणून मला 'निसर्गातलं एखादं छान उदाहरण द्या सर' असं सांगितलं जातं. मी बऱ्याचदा दगडफुलाचं देतो. आपल्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे शैवाल आणि बुरशी यांचा एकत्र संसार, लोकांना वास ओळखीचा असतो. एकदा मी काचेच्या कोळंबीचं उदाहरण दिलं आणि ते थोडं अडचणीचं ठरलं, कारण ही गोष्ट तितकी गोड नाही. कोळंबीला आसरा मिळतो. समुद्रफुलाला काय मिळतं? कोळंबीच्या मलमूत्रातला नायट्रोजन त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला खतासारखा उपयोगी पडू शकतो. पण आगत्तीला पाहिली ती जात कधी कधी समुद्रफुलाच्या स्पर्शकांची टोकंच खाते. ज्या घरात राहायचं त्याचे वासे कुरतडायचे. उलट कॅरिबियनमध्ये एक टिचकी वाजवणारी कोळंबी तिथल्या समुद्रफुलावर राहते आणि त्याला खायला आलेल्या काटेरी किड्याला हुसकावून लावते. तीच जागा, तीच भावकी. एक वासे कुरतडते, एक दारावर राखण करते. यातून भाषणाला उपयोगी असं काही निघत नाही. भाषण संपल्यावर संयोजक म्हणाले, सर, पुढच्या वर्षी दगडफूलच घ्या.

आगत्तीची एक गोष्ट राहिली. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो या केंद्र सरकारच्या संस्थेनं तिथे शोभेच्या समुद्री जिवांसाठी एक केंद्र उभं केलंय. तिथे जन्माला घातलेल्या कोळंब्या बेटावरच्या बायकांना वाढवायला दिल्या जातात, त्यात ही काचेची कोळंबीही आहे. वाढवलेल्या कोळंब्या शोभेच्या टाक्यांच्या बाजारात जातात. प्रवाळातून ओरबाडून आणण्यापेक्षा हे केव्हाही बरं. त्या बेटाच्या नावाची एक कोळंबीसुद्धा शास्त्राच्या यादीत गेलीय, पेरिक्लिमेनेला आगत्ती.

नावावरून आठवलं. काचेच्या कोळंबीचं वर्णन शेंकेल यानं १९०२ मध्ये पहिल्यांदा केलं तेव्हा त्यानं तिला अँसिलोकॅरिस या नव्या प्रजातीत ठेवलं. पुढे शास्त्रज्ञांना ते वेगळेपण पटलं नाही आणि तिला पेरिक्लिमेनेस या मोठ्या, गर्दीच्या प्रजातीत घातलं गेलं. माझ्या जुन्या पुस्तकांमध्ये ती त्याच नावानं आहे. कित्येक दशकं ती तशीच राहिली. २०१७ मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या दोन संशोधकांनी या गर्दीची छाननी केली आणि तिला तिचं १९०२ चं नाव परत दिलं. या सगळ्या काळात कोळंबीचं मनगट आखूडच होतं.

समीरच्या घरी येत्या महिन्यात बाळ येणार आहे. त्यानं मला नावांची यादी मागितली. 'बाबा, दोन्हीकडे चालतील अशी द्या,' म्हणाला. मी दिली: कबीर, अमन, सारा, झोया. माझ्या अब्बांसारखे अर्थ लिहून, पण रेघ कुठे मारली नाही. काल सूनबाईचा फोन आला. मुलगी झाली तर तिला तिच्या आजीचं नाव ठेवायचंय, खदीजा. समीर अजून काही बोललेला नाही. मी तिला म्हणालो, बेटा, मुलगा असो की मुलगी, मधलं नाव तर समीरच असणार. यावर ती खूप हसली, आणि मग म्हणाली की हो, आणि बघा ना अब्बा, तिच्या नावात पुढचंच सगळ्यात आधी दिसेल. सातव्या दिवशी अकीका आहे, तोवर ठरेल.